लष्करी डायोरामा बांधणं आणि त्याचे फोटो काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या ज्या भागात मी राहतो त्याचं नावच लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, ती उठलीच नाही, तिचं शहर झालं. अशा ठिकाणी टेबलावर रणगाडे मांडणाऱ्या माणसाला कोणी वेडा म्हणत नाही, फक्त प्रश्न विचारतात. भाचे विचारतात, त्यांचे मित्र विचारतात, मुरारचे निवृत्त फौजी काका तर चुकाही काढतात. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१. डायोरामा म्हणजे नक्की काय? नुसतं मॉडेल ठेवलं तर तो डायोरामा नाही का?

नाही. आपल्या भाषेत याला सरळ ‘देखावा’ म्हणा, गणपतीत करतो तोच. मॉडेल म्हणजे रणगाडा. देखावा म्हणजे रणगाड्याची साखळी निखळली आहे, एक जण खाली बसून ती जोडतोय आणि दुसरा कंटाळून पाणी पितोय. एक जागा, एक क्षण.

दिवाळीचा किल्ला ज्यानं केला आहे त्याचं अर्धं शिक्षण झालेलं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे प्रमाण. आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असायचा आणि गुहेतला वाघ महाराजांच्या सिंहासनाएवढा. ते तिथे शोभतं, इथे नाही.

२. कोणत्या स्केलपासून सुरुवात करू?

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत मॉडेल किती लहान ते. माणसं महत्त्वाची असतील तर १/३५, विमानं किंवा मोठा परिसर दाखवायचा असेल तर १/७२. बाकीची स्केलं नंतर.

१/३५ मध्ये पावणेदोन मीटरचा माणूस ५ सेंटिमीटरचा होतो. चेहरा रंगवता येतो, पट्ट्याचं बक्कल दिसतं. १/७२ मध्ये तोच माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटर. १/७२ मागचा हिशोब सोपा आहे: प्रत्यक्षातले ६ फूट म्हणजे इथला १ इंच. १/३५ ची कथा मजेदार आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टॅमिया या जपानी मॉडेल कंपनीनं पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या, म्हणून तो आकार ठरला. जग आजही त्या बॅटऱ्यांच्या मापानं चाललंय.

१/४८ दोन्हींच्या मधलं आहे आणि विमानांसाठी मला सर्वांत आवडतं, पण मिराज २००० सारखं १४.३६ मीटरचं विमान त्यात ३० सेंटिमीटर लांब होतं. कपाटाची खोली आधी मोजा. १/७२ मध्ये तेच २० सेंटिमीटरमध्ये बसतं.

३. बाजारात मिळणारे हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक चालतील का?

हात बसवायला चालतील. अडचण अशी की ते मऊ प्लॅस्टिकचे असतात, रंग वाळला की सांध्यांवरून पापुद्रे सुटतात. साबणाच्या पाण्यानं धुऊन आधी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) द्या. त्यांची उंची बरेचदा ५४ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे साधारण १/३२. १/३५ च्या गाडीशेजारी उभे केले तर थोडे दांडगे दिसतात, बसलेले चालून जातात.

४. आधी काय करायचं: मॉडेल, जमीन की फोटोची तयारी?

आधी कॅमेरा कुठे असेल ते ठरवा. हे उत्तर कोणाला पटत नाही. सगळ्यांना किटचा (जोडायच्या सुट्या भागांचा) डबा फोडायची घाई असते.

मी पुठ्ठ्यात (मुरैनाच्या गजकाच्या डब्याचं झाकण उत्तम) ३ बाय २ सेंटिमीटरची चौकट कापतो. टेबलावर कागद अंथरून त्यावर न जोडलेले भाग, खोडरबर, काड्यापेटी असं काहीही मांडतो आणि एक डोळा मिटून चौकटीतून बघतो. जिथून गोष्ट कळते ती जागा सापडली की टेबलाच्या कडेला खडूनं खूण. मग त्या खुणेवरून जे दिसतं तेवढंच बांधायचं. रणगाड्याची पलीकडची बाजू दिसणारच नसेल तर तिच्यावर चार रात्री घालवू नका. आणि समोरचं झाड मागचा माणूस झाकतंय हे गोंद वाळल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

देखावा प्रदर्शनात चारही बाजूंनी ठेवायचा असेल तर हा नियम सैल होतो, पण तेव्हाही एक ‘तोंड’ ठरवाच. गणपतीच्या आरासीला तोंड असतं तसं.

५. पहिला देखावा किती मोठा असावा?

वहीच्या पानाएवढा. एक भिंत, एक माणूस, एखादी मोटरसायकल. रिकामी जागा जितकी जास्त तितकी ती भरण्याची हौस जास्त, आणि मग देखाव्याचा बाजार होतो.

६. जमिनीसाठी माती कुठली वापरायची? बागेतली चालते का?

चालते, पण चाळून आणि भाजून. भाजली नाही तर पावसाळ्यात तुमच्या रणभूमीवर खरोखरीचं गवत उगवेल आणि बुरशी येईल. लोखंडी तव्यावर दहा-पंधरा मिनिटं परतायची. घरातल्या माणसांना आधी सांगा, वास सुटतो.

आपल्याला चंबळच्या बीहडाची माती मिळते हे भाग्य. पिवळसर, मैद्यासारखी बारीक. बारीक असणं का महत्त्वाचं ते बघा: अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण १/३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो आणि १/७२ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा. नेहमीची बांधकामाची वाळू पसरली तर सैनिक दगडांच्या खाणीत उभे दिसतात. मैद्याची चाळणी वापरा, चाळणीतून न पडलेलं वेगळं ठेवा, ते दगड म्हणून कामी येतं.

चिकटवायची पद्धत: आधी जाड फेविकॉल फासून माती भुरभुरायची. वर फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसेल तर थेंब मातीवर मोत्यासारखा लोळत राहतो, आत मुरत नाही. ओलं असतानाच चाकांचे, साखळीचे, बुटांचे ठसे उमटवा. वाळलेल्या जमिनीवर ठेवलेला रणगाडा तरंगतो, आणि फोटोत ते पहिल्यांदा दिसतं.

वाळलेला चहाचा चोथा पाचोळा म्हणून छान दिसतो. गवताला नारळाच्या काथ्याचे तुकडे.

७. चढउतार कशाचे करायचे? माझं थर्मोकोल विरघळलं.

स्प्रे पेंट मारला असेल. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल खातं, सुपर ग्लूही खातो. माझी अख्खी टेकडी एका दुपारी खाली बसली होती, वर उभा केलेला माणूस तेवढा सुखरूप. थर्मोकोलला आधी फेविकॉल आणि कागदाचे दोन थर द्या, मग हवा तो रंग.

वर लेप म्हणून नुसत्या पीओपीऐवजी कागदाचा लगदा करून बघा. वर्तमानपत्र दोन दिवस भिजवून कुटायचं, फेविकॉल आणि चाळलेली माती मिसळायची. जुन्या बायका लगद्याच्या टोपल्या करताना त्यात मेथीचं पीठ घालायच्या, कीड लागू नये म्हणून. तेही घाला. लगदा हलका राहतो आणि तडकत नाही. पीओपी आपल्याकडच्या मे महिन्यात इतक्या झपाट्यानं सुकतं की भेगा पडतात. राजस्थानचं वाळलेलं तळं करायचं असेल तर मात्र त्या भेगा फुकटात मिळाल्या समजा.

खाली लाकडी पाट हवा, किमान १२ मिलिमीटरचा प्लाय, दोन्ही बाजूंनी वॉर्निश केलेला. नाहीतर ओल्या लेपानं तो वाकतो.

८. उन्हाळ्यात एअरब्रश (रंग फवारायचं यंत्र) सारखा चोंदतो. यंत्र खराब आहे का?

बहुधा नाही. ग्वाल्हेरला ४५ अंशांत लू चालू असते तेव्हा ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. रंग थोडा जास्त पातळ करा, त्याच कंपनीचा रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून घालायचं द्रव) दोन थेंब घाला आणि पहाटे सहाला रंगवा. कूलरसमोर तर अजिबात नको, त्याच्या झोतात धूळ उडते. संध्याकाळी आँधी येणार असं आभाळ सांगत असेल तर वॉर्निशचा डबा उघडू नका.

९. गाडी ‘वापरलेली’ कशी दाखवायची? धूळ, गंज, चिखल?

जागा आणि महिना विचारा, मग रंग उचला. लोक सगळ्या रणगाड्यांना एकच तपकिरी पाणी फासतात, मग १९६५ चा पंजाब आणि १९७१ चं जैसलमेर सारखंच दिसतं.

असल उत्तर, ८ ते १० सप्टेंबर १९६५: उसाची शेतं, कालव्याचं सोडलेलं पाणी, त्यात रुतलेले पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. इथे चिखल ओला, चकाकणारा, साखळीत उसाची पानं अडकलेली, आणि वरचा भाग बराचसा स्वच्छ. लोंगेवाला, ४-५ डिसेंबर १९७१: कोरडी वाळू, जी चिकटत नाही, कोपऱ्यांत साठते. तिथे गाडीपेक्षा जमीन जास्त बोलते. हंटर विमानांच्या हल्ल्यात सैरभैर झालेल्या रणगाड्यांचे वाळूतले वेटोळे विमानातून घेतलेल्या फोटोंत दिसतात. कोणी ते वेटोळे नीट केले तर एकच टी-५९ रणगाडा पुरतो.

कृती थोडक्यात: मूळ रंगात किंचित राखाडी मिसळून तो फिका करा, कारण लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद वाटतो. चकचकीत वॉर्निश. मग बर्न्ट अंबर तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त सांध्यांत आणि स्क्रूंभोवती सोडा. शेवटी मॅट वॉर्निश आणि त्यावर सॉफ्ट पेस्टलची खडी किसून केलेली भुकटी, धुळीसाठी. हात आवरा. मी थांबतो त्याच्या दहा मिनिटं आधी थांबायला हवं होतं, असं दर वेळी वाटतं.

१०. ग्वाल्हेरचा आहे, म्हणून मिराजचाच देखावा करायचा आहे. काय दाखवू?

स्वाभाविक आहे, १९८५ पासून मिराज इथे आहेत आणि आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात बसलाय. पण एक चूक टाळा. कारगिलची मोहीम दाखवणार असाल तर मागे ग्वाल्हेर नको. त्या वेळी ही विमानं पंजाबातल्या आदमपूरहून लढत होती. २४ जून १९९९ ला टायगर हिलवर लेझरनं दिशा दिलेले बॉम्ब पडले ते याच मिराजचे. फेब्रुवारी २०१९ ची बालाकोटची रात्र दाखवणार असाल तर ग्वाल्हेर बरोबर, पण मग रात्रीचा प्रकाश साधायला हवा (प्रश्न १५).

मला उड्डाणापेक्षा त्याआधीचा अर्धा तास आवडतो. पंखाखाली वाकलेला तंत्रज्ञ, शिडी, काँक्रीटवर तेलाचे डाग. काँक्रीटच्या पाट्यांमधल्या फटी विसरू नका.

कॉकपिटची काच सुपर ग्लूनं चिकटवू नका, आतून पांढरी वाफ धरते. माझी एक काच अशीच गेली. पांढरा फेविकॉल पुरतो, वाळला की पारदर्शक होतो.

आणि संदर्भासाठी हवाईतळाच्या कुंपणापाशी कॅमेरा काढू नका. ते प्रतिबंधित क्षेत्र आहे. छापलेले आणि वायुदलानं स्वतः दिलेले फोटो भरपूर आहेत.

११. टायगर हिलवर बर्फ दाखवू का? खाण्याचा सोडा वापरतात असं ऐकलं.

जून-जुलै आहे. टायगर हिल ४ जुलै १९९९ ला ताब्यात आला. तेव्हा कपारीत साचलेला बर्फ आणि बाकी उघडा, धारदार, राखाडी-तपकिरी खडक. अख्खा डोंगर पांढरा केला तर जानेवारी होतो. सोडा सुरुवातीला झकास दिसतो, पण काही काळानं पिवळा पडतो. मॉडेलवाल्यांचा तयार बर्फ घ्या किंवा काचेची बारीक भुकटी, मास्क लावून.

खडकासाठी तुटलेला कोळसा किंवा झाडाची सुकी साल. आपला गुलाबी-पिवळा वालुकाश्म इथे चुकीचा, कितीही हाताशी असला तरी.

१२. मराठा सैन्याची किट का मिळत नाहीत? महाराजपूरची लढाई करायची आहे.

मागणी नाही म्हणून. १/७२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे आणि नेपोलियनच्या काळातले सैनिक मिळतात. त्यांची डोकी कापून एपॉक्सी पुटीच्या पगड्या, टिश्यू पेपर आणि फेविकॉलचे शेले करा. महाराजपूरला इंग्रजांशी लढलेली शिंद्यांची फौज कवायती होती, तोफखाना जबर होता, त्यामुळे तोफा आणि गणवेश पाश्चात्त्य धाटणीचे चालतात. म्हणजे निम्मं काम झालं.

२९ डिसेंबर १८४३. त्याच दिवशी पन्यारलाही लढाई झाली. जिंकलेल्या तोफांच्या पितळी धातूतून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी ‘ग्वाल्हेर स्टार’ हे पदक ओतलं. एक तोफ, तिच्याशेजारी पडलेला गोलंदाज आणि तोफेला दोर बांधणारे गोरे शिपाई, एवढ्यात सगळं येतं.

१३. मागे ग्वाल्हेरचा किल्ला दाखवायचा आहे. केवढा होईल?

टेकडी आजूबाजूच्या जमिनीपासून सुमारे १०० मीटर उंच. १/७२ मध्ये १ मीटर ४० सेंटिमीटर. लांबी दोन किलोमीटरहून जास्त, म्हणजे तुमच्या घरातून निघून २८ मीटरच्या पुढे, शेजाऱ्यांच्या गच्चीवर.

म्हणून फसवायचं. पुढे १/३५, त्यामागे १/७२, आणि सर्वांत मागे पुठ्ठ्यात कापलेला किल्ला, निळसर राखाडी, तपशील जवळजवळ पुसलेले. किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या निळ्या फरश्यांचा फक्त एक फिका पट्टा. हे कॅमेऱ्याला फसवतं कारण कॅमेरा एकडोळ्या आहे. प्रत्यक्ष बघणाऱ्याला दोन डोळे असतात, त्याला लगेच कळतं. म्हणून खडूची ती खूण (प्रश्न ४).

१४. साध्या मोबाइलनं चांगले फोटो येतील का?

येतील, काही बाबतीत मोठ्या कॅमेऱ्याहून चांगले. मोबाइलचा सेन्सर लहान, त्यामुळे पुढचं-मागचं बरंच एकदम स्पष्ट येतं, आणि लहान मॉडेलला खरं भासवायला तेच हवं असतं.

फोन उलटा धरा. लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, उलटा केला की ती टेबलाला टेकते. १/३५ मधल्या उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेचार सेंटिमीटरवर आहेत, लेन्स तिथे हवी. वरून काढलेला फोटो म्हणजे हेलिकॉप्टरमधून काढलेला. पोर्ट्रेट मोड बंद, तो बंदुकीची नळी पुसून टाकतो. फार जवळही जाऊ नका, थोडं दूरून काढून नंतर कापा. टायमर लावा, बोट लागलं तरी फोन हलतो.

मोठा कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/११ ते एफ/१६ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो मोठा तितकं छिद्र लहान). त्यापुढे छिद्र आणखी लहान केलं की सगळंच किंचित मऊ पडतं. तरीही मागचं धूसर राहिलं तर पुढून मागे फोकस सरकवत आठ-दहा फोटो काढा आणि फोकस स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. मधे टेबलाला धक्का लागला तर पुन्हा पहिल्यापासून.

१५. प्रकाश कसा लावायचा? माझ्याकडे एक टेबल लॅम्प आहे.

एकच पुरे, पण दूर ठेवा. सूर्य इतका लांब आहे की सगळ्या सावल्या समांतर पडतात. लॅम्प ३० सेंटिमीटरवर असेल तर १/३५ च्या दुनियेत तो साडेदहा मीटरवरचा रस्त्यावरचा दिवा झाला, सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि डोळ्याला खोटं कळतं. दीड-दोन मीटर मागे न्या, दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची पाटी धरून सावली थोडी उजळा.

खरा सूर्य फुकट आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊच्या सुमाराला, गच्चीवर, धुकं विरत असताना. असा प्रकाश विकत मिळत नाही. मेमधली दुपार फक्त लोंगेवालासाठी, तीही सुती चादरीआडून.

रात्र हवी असेल तर अंधारात काढू नका. एकाच बाजूनं निळसर प्रकाश, एक्स्पोजर कमी, आणि कुठेतरी एक पिवळा ठिपका, टॉर्चचा किंवा कॉकपिटचा.

१६. सगळं केलं तरी फोटो खेळण्यासारखाच दिसतो. का?

सहसा यांतलं एक असतं: लेन्स उंचावर आहे (प्रश्न १४), जमीन जाड आहे (प्रश्न ६) किंवा कुठेतरी चकाकतंय. चौथं कारण लोक विसरतात: घरातली धूळ. एक केस रणगाड्यावर पडला तर तो जहाजाचा दोर दिसतो. फोटोआधी मऊ ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा.

पार्श्वभूमीही बघा. मागे पडदा किंवा स्विचबोर्ड असेल तर कोणतीही कला कामाची नाही. खाली फिका आणि वर किंचित गडद राखाडी-निळा असा मोठा कागद, देखाव्यापासून निदान दोन फूट मागे, म्हणजे सावली त्यावर पडत नाही. ढग रंगवू नका, जमत नाहीत.

१७. धुरासाठी उदबत्ती लावली, पण मजा आली नाही.

येणारही नाही. धूर आणि पाणी लहान होत नाहीत. उदबत्तीची वेटोळी १/३५ मध्ये खोलीएवढ्या रुंद रिबिनी दिसतात. कापूस पिंजून तारेवर बसवा, तळाशी काळा, वर राखाडी फवारा. हवेत पसरलेली विरळ धूळ हवी असेल तर मात्र उदबत्ती चालते: पेटवून पुठ्ठ्यानं वारा घाला, धूर विरघळला की फोटो. पाणीही तसंच, खऱ्या पाण्याचा थेंब फुगीर राहतो, म्हणून पारदर्शक वॉर्निशचे पातळ थर.

१८. मेलेले सैनिक, रक्त दाखवावं का?

मी रक्त दाखवत नाही. लाल रंग दिसला की बघणारा बाकी काही बघत नाही. पडलेलं शिरस्त्राण, रिकामा बूट पुरतो. मेलेला माणूस दाखवायचाच असेल तर कोणत्याही बाजूचा असो, त्याची थट्टा होईल असं काही नको. घरी येणाऱ्यांत कोणाचा भाऊ तिथे होता हे आपल्याला ठाऊक नसतं. मुरारचे काका असल उत्तरच्या देखाव्यापुढे दहा मिनिटं उभे राहिले आणि फक्त एवढंच म्हणाले, “ऊस आणखी उंच होता.” मी तो वाढवला.

१९. फोटो इतका खरा आला की लोकांनी युद्धाचा म्हणून पुढे पाठवला. काय करू?

लगेच त्याच देखाव्याचा दुसरा फोटो टाका, ज्यात शेजारी पेन्सिल किंवा चहाचा कप आहे. यापुढे प्रत्येक फोटोवरच, मजकुरात नव्हे, ‘मॉडेल’ आणि स्केल लिहा, मजकूर वाटेत गळतो. सीमेवर तणाव असेल त्या दिवसांत तसला फोटो टाकूच नका.

२०. झालेला देखावा कुठे ठेवू?

काचेखाली, उन्हापासून लांब. आपल्याकडची धूळ आठवड्याभरात १/७२ च्या सैनिकांना कंबरेपर्यंत गाडते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पाटाखाली वाळवी बघत जा. जागा संपली की मी पाट तसाच ठेवून वरचे रणगाडे काढतो आणि दुसऱ्या लढाईला पाठवतो.